एक साचा, पाच नावे



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा ‘मोटारीचा पत्रा’ असे मी सांगितले. ते जरा गप्पच झाले. ज्याने तीस वर्षे कामगार संघटनेत काढली त्याने बोनसवर बोलावे, कंत्राटी कामगारांवर बोलावे. पत्र्यावर तो काय बोलणार? शिवाय मी इंजिनिअर नव्हे आणि इतिहासाचा प्राध्यापक तर नव्हेच. नववीत माझी शाळा सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते थोडे प्रेस शॉपमध्ये आणि थोडे नगरवाचनालयात. तरीही मी हट्ट सोडला नाही. एका कंपनीची पाच-सहा नावे असावीत, प्रत्येक नावाची गाडी बाहेरून निराळी दिसावी आणि आतला सांगाडा मात्र एकच असावा, ही युक्ती गेल्या शंभर वर्षांत कशी जन्मली आणि त्या युक्तीने मालकाच्या व कामगाराच्या हाती काय काय दिले, हे मला आज सांगावयाचे आहे.

ही गोष्ट मला प्रथम कळली ती पुस्तकातून नव्हे. आमचे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, ट्रक दुरुस्त करणारे मिस्त्री होते. त्या काळी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातले ट्रक रस्त्यावर पुष्कळ दिसत. कुणाच्या नाकावर ‘डॉज’ लिहिलेले असे, तर कुणाच्या ‘फार्गो’. एकदा एका फार्गोचा दरवाजा पार चेपून आला. अण्णांनी भंगारातून डॉजचा दरवाजा काढला, बिजागरीला लावला आणि तो नव्यासारखा बसला. मी सात-आठ वर्षांचा होतो. मी म्हटले, “अण्णा, हा तर डॉजचा!” ते म्हणाले, “पाटी वेगळी रे, पत्रा एकच.” मुळात ही अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीची चाल होती आणि कुर्ल्याला ती तिच्याबरोबरच आली होती. परंतु या चालीचे खरे शास्त्र बनवले ते क्रायस्लरने नव्हे, जनरल मोटर्सने. म्हणून आपल्याला आता अमेरिकेत, मिशिगन राज्यात जावे लागेल.

विल्यम ड्यूरंट हा फ्लिंट गावचा घोडागाड्यांचा कारखानदार. त्याने १९०८ साली जनरल मोटर्स स्थापन केली आणि मोटारींचे कारखाने विकत घेण्याचा सपाटा लावला. ब्यूक, ओल्ड्समोबील, कॅडिलॅक, ओकलंड आणि पुढे शेवरोले. लग्नात आहेर गोळा करावेत तसे त्याने कारखाने गोळा केले. आहेरात चार समया आणि सात पेले एकाच मापाचे येतात, तसेच येथेही झाले. प्रत्येक कारखान्याचे इंजिन वेगळे, नकाशे वेगळे, बोल्टचा आटासुद्धा स्वतःचा. आणि एवढे सगळे वेगळे असून बाजारात मात्र ते एकमेकांचेच गिऱ्हाईक पळवीत होते. १९२० च्या मंदीत ड्यूरंट बुडाला व कंपनीतून कायमचा गेला.

मागे राहिलेल्यांत आल्फ्रेड स्लोन नावाचा एक किडकिडीत, कमी ऐकू येणारा, हिशेबी मनुष्य होता. १९२३ साली तो अध्यक्ष झाला. त्याचे आत्मचरित्र १९६४ साली निघाले. ते मी शब्दकोश शेजारी ठेवून चार महिन्यांत वाचले. मालक मंडळींची पुस्तके आमच्या लोकांनी वाचली पाहिजेत असे माझे मत आहे. ती आपल्यासाठी लिहिलेली नसतात, हाच त्यांचा मोठा गुण. १९२१ साली स्लोनच्या समितीने किमतींची एक शिडी ठरवली. साडेचारशे ते सहाशे डॉलर ही पहिली पायरी आणि अडीच हजार ते साडेतीन हजार ही सहावी. प्रत्येक पायरीवर आपली एक गाडी असावी व एकीने दुसरीच्या पायरीवर पाय देऊ नये. गिऱ्हाइकाची ऐपत वाढली की त्याने शेवरोलेवरून वर चढत चढत कॅडिलॅकपर्यंत जावे, पण घराबाहेर जाऊ नये.

शिडी कागदावर सोपी होती. अडचण दुसरीकडे होती. त्या वेळी अमेरिकेतल्या निम्म्याहून अधिक मोटारी एकटा हेन्री फोर्ड विकत होता आणि तो एकच गाडी करीत होता. मॉडेल टी. कित्येक वर्षे रंगसुद्धा एकच, काळा. तेव्हा सर्वांची अशी समजूत झाली होती की स्वस्ताई हवी असेल तर माल एकच हवा. निवड हवी असेल तर पैसे मोजा. स्लोनचे म्हणणे असे की, ही दोन्ही टोके एकत्र बांधता येतील. गिऱ्हाइकाला जे दिसते ते वेगळे ठेवा, जे दिसत नाही ते समाईक करा.

त्याचा पहिला खरा प्रयोग म्हणजे १९२६ ची पाँटियाक गाडी. इंजिन सहा सिलिंडरचे, शेवरोलेच्या चारापेक्षा दोन जास्त, आणि किंमत शिडीवर शेवरोलेच्या वरची. पण बॉडी शेवरोलेच्याच घरची. गाडी झपाट्याने खपली, इतकी की जिची ती पाठराखीण म्हणून आणली होती ती ओकलंडच काही वर्षांत बंद पडली. करवलीने नवरीची जागा घ्यावी तसे झाले. त्याच १९२६ साली जनरल मोटर्सने फिशर बंधूंचा बॉडी बनवण्याचा धंदा पूर्णपणे विकत घेतला. हे साल लक्षात ठेवा. सर्व नावांच्या गाड्यांचे पत्रे आता एका छत्राखाली आले.

दिसणाऱ्या बाजूचे काय? तिकडे हार्ले अर्ल नावाचा सहा फुटांहून उंच मनुष्य कॅलिफोर्नियातून आला. तो हॉलिवूडच्या नटांसाठी मोटारींच्या खास बॉडी बनवीत असे. कॅडिलॅकच्या कारखान्याने त्याच्याकडून ‘लासाल’ ही गाडी करून घेतली आणि १९२७ साली ती गाजली. लगेच त्याच वर्षी स्लोनने मुख्य कचेरीत ‘आर्ट अँड कलर’ नावाचा पन्नास माणसांचा विभाग काढला. अर्लने मोटारीचे रूप आधी मातीत घडवण्याची पद्धत पक्की केली. आपला गणपतीचा कारागीर शाडूवर बोट फिरवून कान-सोंडेची ठेवण साधतो, तशीच त्याची माणसे पूर्ण आकाराच्या मातीच्या मोटारीवर हात फिरवीत. रंगही तेव्हाच सुटले होते. ड्यू पाँटचा ‘ड्यूको’ हा लवकर वाळणारा रंग १९२४ च्या ओकलंडवर आला आणि जे रंगकाम वाळायला आठवडे लागत ते तासांवर आले. एका पत्र्याला दहा रंग देता येऊ लागले की त्या पत्र्याच्या दहा गाड्या झाल्यासारखे दिसते, हे आपल्याला सांगायला नको.

वेगवेगळ्या कारखान्यांचे प्रमुख मात्र या विभागाला नाक मुरडीत. ‘ब्यूटी पार्लर’ असे नावच त्यांनी त्याला ठेवले होते. आमच्या घरात येऊन आमच्या सुनेला कसे नटवायचे ते हा सांगणार कोण, असा सगळा भाव. याचे फळ १९२९ च्या ब्यूकने भोगले. अर्लने दरवाजाच्या वर, खिडकीच्या खाली एक हलकासा फुगवटा ठेवला होता. कारखान्यातल्या लोकांनी आपल्या सोयीसाठी बाजूचे पत्रे खालून आत ओढले, गाडीची उंची वाढवली, आणि अर्लला विचारले नाही. हलका फुगवटा होता तो पोट झाला. लोक गाडीला ‘गरोदर ब्यूक’ म्हणून हसू लागले व खप कोसळला. पुष्कळांना ही गमतीची गोष्ट वाटते; मला ती कामाची वाटते. समाईक रचना म्हणजे नुसता समाईक नकाशा नव्हे. नकाशा पाळायचा कोणी, बदलायचा कोणी, बदलताना कळवायचे कोणाला, हे ठरलेले नसेल तर कागदावरची एकी प्रेसखाली जाताच फाटते. त्यानंतर अर्लचा हात वर राहिला. पुढे त्याने प्रत्येक नावासाठी वेगळी खोली केली. शेवरोलेच्या माणसाला ब्यूकच्या खोलीत मज्जाव. पाचही खोल्यांत जाण्याची मुभा अर्लला होती. वेगळेपण राखायचे असेल तर भिंती हव्यात आणि समाईकपणा राखायचा असेल तर सगळ्या भिंतींना दार असलेला एक माणूस हवा.

मग १९२९ ची महामंदी आली. १९३२ पर्यंत कंपनीची विक्री एक-तृतीयांशाच्याही खाली गेली. हौस म्हणून चाललेली समाईकता आता गरज झाली. गाड्यांच्या बॉडी थोड्याशा मूळ सांगाड्यांत बसवण्यात आल्या आणि त्यांना अक्षरे दिली गेली: ए, बी, सी. धाकटा सांगाडा शेवरोले आणि पाँटियाकचा, मधला ओल्ड्समोबील व ब्यूकचा, थोरला मोठ्या ब्यूकचा आणि कॅडिलॅकचा; वर्षावर्षाला वाटणी थोडी इकडेतिकडे होई. तळ, छप्पर, दरवाजाचे आतले पत्रे, काचांच्या चौकटी हे समाईक. पुढची जाळी, मडगार्ड, दिवे, बॉनेट, डॅशबोर्ड, बैठकीचे कापड हे ज्याचे त्याचे. घर एकाच आराखड्याचे, दारावरची नक्षी आणि पाटी वेगळी.

इथे मला जरा थांबले पाहिजे, कारण इथून पुढचे सगळे एका वस्तूवर अवलंबून आहे. ती वस्तू म्हणजे डाय, पत्रा ठोकण्याचा साचा. आपल्यापैकी ज्यांनी प्रेस शॉप पाहिले नसेल त्यांनी करंजीचा साचा डोळ्यांसमोर आणावा. वरचा भाग, खालचा भाग, मध्ये पारी. दाबले की आकार. फक्त ही करंजी पोलादाची आणि साचा कित्येक टनांचा. तो साचा बनवायला टूलरूममधले कसबी लोक महिनोन् महिने खपतात. ब्लू लावतात, दोन्ही अंगे एकमेकांवर टेकवतात, जिथे रंग लागला तिथे घासतात, पुन्हा टेकवतात. एका छपरासाठी एकच ठोका नसतो, एकामागून एक चार-पाच साचे लागतात. १९३५ च्या गाड्यांवर जनरल मोटर्सने अखंड पोलादी छप्पर आणले. तोवर मोटारीच्या छपराच्या मधोमध कापडी तुकडा असे. त्या अखंड छपरासाठी लागणारे प्रेस अजस्र आणि साचे त्याहून महाग. असा साचा पाच नावांसाठी पाचदा कोण करील? आणि एकाच नावासाठी दोनदा तरी कोण करील? म्हणून साचा एक. तो जिथे ठेवला असेल, तिथे त्या सर्व गाड्यांचा जीव ठेवला आहे असे समजावे. राक्षसाचा प्राण पोपटात असतो, त्या गोष्टीसारखे.

दोन गावांत हा पोपट होता. शेवरोलेच्या बॉडीचे मुख्य साचे क्लीव्हलंडच्या फिशर कारखान्यात, आणि ब्यूक, ओल्ड्समोबील, पाँटियाक, कॅडिलॅक यांचे फ्लिंटच्या फिशर कारखाना क्रमांक एकमध्ये. जनरल मोटर्सचे साठाहून अधिक कारखाने होते, चौदा राज्यांत पसरलेले. त्यांतले बहुतेक या दोन कारखान्यांकडून येणाऱ्या पत्र्याची वाट पाहत बसत. स्लोनच्या कचेरीला हे ठाऊक असणारच. पण १९३६ साली ते आणखी दोघांना नेमके कळले, विंडम मॉर्टिमर आणि बॉब ट्रॅव्हिस यांना. हे नव्या मोटार कामगार संघटनेचे फ्लिंटमधले संघटक. तोवरची कामगारांची समजूत अशी की, एवढ्या अवाढव्य कंपनीला हलवायचे तर सगळीकडे एकदम संप हवा. आणि फ्लिंटमध्ये तर संघटनेचे नाव काढणेही कठीण. कंपनीचे हेर सभासदांच्या यादीतसुद्धा होते. ब्यूकचा कामगार स्वतःला ब्यूकचा समजे, शेवरोलेचा शेवरोलेचा. कंपनीने गिऱ्हाइकासाठी उभ्या केलेल्या भिंती कामगारांच्या डोक्यातही उभ्या होत्या. खुद्द पत्र्यात मात्र त्या केव्हाच पडल्या होत्या.

संघटनेचा विचार नवीन वर्षानंतर उठण्याचा होता, कारण १ जानेवारी १९३७ रोजी मिशिगनमध्ये फ्रँक मर्फी हे सौम्य वृत्तीचे गव्हर्नर सूत्रे हाती घेणार होते. परंतु २८ डिसेंबरला क्लीव्हलंडचे कामगार आपणहून बसले. आणि ३० डिसेंबरला फ्लिंटमध्ये बातमी पसरली की फिशर एकच्या धक्क्यावर मालगाडीचे डबे लागले आहेत आणि त्यांत साचे भरले जात आहेत. संघटनेच्या कचेरीवर दिवा लागला, ही सभेची खूण. जेवणाच्या सुट्टीत माणसे धावत आली, साचे चालले एवढेच ऐकले आणि परत कारखान्यात गेली. थोड्याच वेळात खिडकीतून कुणीतरी ओरडले की कारखाना आपला झाला. साचे डब्यांतून बाहेर गेले नाहीत.

पुढचे चव्वेचाळीस दिवस जगाला माहीत आहेत, म्हणून मी ते थोडक्यात सांगतो. माणसे आतच राहिली. मोटारींच्या गाद्यांवर झोपली, पाळीपाळीने झाडलोट केली, आत दारू येऊ दिली नाही, यंत्रांना धक्का लागू दिला नाही. बैठ्या संपाचे बळ त्यातच आहे. बाहेर उभ्या असलेल्या संपकऱ्याच्या जागी दुसरा माणूस आणता येतो, पण साच्याशेजारी बसलेल्या माणसाला हलवायचे तर साच्याला धोका. ११ जानेवारीला फिशर दोनमधील उष्णता कंपनीने बंद केली, आत जाणारे जेवण अडवले आणि रात्री पोलिसांनी अश्रुधूर सोडला, गोळ्या झाडल्या. चौदा-पंधरा माणसे गोळ्यांनी जखमी झाली. आतल्यांनी गच्चीवरून पाण्याचे फवारे आणि मोटारीच्या दरवाजांच्या वजनदार बिजागऱ्या फेकल्या. जेनोरा जॉन्सन नावाच्या तेवीस वर्षांच्या बाईने ध्वनिक्षेपकाच्या गाडीवरून बायकांना हाक दिली आणि बायका पोलिसांची फळी मोडून आत शिरल्या. ज्या न्यायाधीशाने कारखाने रिकामे करण्याचा हुकूम दिला त्याच्याकडेच जनरल मोटर्सचे दोन लाख डॉलरहून अधिक किमतीचे भाग निघाले. फेब्रुवारीच्या पहिल्या दिवशी संपकऱ्यांनी नऊ नंबरच्या कारखान्यात गलका करून पहारा तिकडे ओढला आणि शेवरोलेची इंजिने जिथे होत तो चार नंबरचा कारखाना घेतला. डिसेंबरमध्ये जी कंपनी महिन्याला हजारोंनी गाड्या काढीत होती, तिच्या फेब्रुवारीच्या पहिल्या दहा दिवसांत दीडशेच्या आसपास गाड्या निघाल्या. गव्हर्नरांनी लष्कर आणले, पण ते कामगारांवर घातले नाही. ११ फेब्रुवारीला करार झाला. सतरा कारखान्यांत सहा महिन्यांपुरती संघटनेला मान्यता, असे त्याचे रूप. दिसायला लहान. परंतु जी संघटना तीस हजारांची होती ती वर्षभरात पाच लाखांच्या घरात गेली.

स्लोनने आत्मचरित्रात गाड्यांच्या बॉडीच्या समाईकतेवर पानेच्या पाने खर्ची घातली आहेत आणि या संपाला थोडक्यात वाटेला लावले आहे. दोन्ही प्रकरणे एकाच गोष्टीची दोन अंगे आहेत, हे त्याने लिहिलेले नाही. त्याला ते दिसले नसेल असे मला वाटत नाही.

आता एक घरची गोष्ट. मी ज्या कारखान्यात होतो त्याचे नाव घेत नाही. माणसे अजून त्या पट्ट्यात राहतात. आमच्या प्रेसवर एका गाडीच्या केबिनचे पत्रे निघत. ती गाडी दोन नावांनी विकली जाई. वेतनकराराचे बोलणे फिसकटले होते. मागण्यांचे पत्रक आम्ही तीनदा टाइप केले, गेटसभा घेतल्या, घोषणांनी घसे बसवले. दिवाळीची सुट्टी आली. सुट्टीनंतर पहिल्या पाळीला आत गेलो तर डायचे रॅक रिकामे. चौदा चाकी ट्रेलर रात्री येऊन गेले असे वॉचमनने सांगितले. साचे दुसऱ्या राज्यातल्या एका लहान कारखान्यात पोहोचले होते आणि तिथे पत्रे निघूही लागले होते. त्यानंतर आम्ही संप केला. रिकाम्या प्रेससमोर केलेल्या संपाला कोण भिणार? शंभरावर माणसे घरी बसली. साचे कुठे आहेत, कुणाच्या मालकीचे आहेत, दुसरा संच कुठे आहे, हे आम्ही एकदाही विचारले नव्हते. सरचिटणीस मी होतो. फ्लिंटचा इतिहास मी त्यानंतर दोन वर्षांनी वाचला आणि धक्क्यावरच्या त्या मालडब्यांपाशी आलो तेव्हा पुस्तक मिटून ठेवले.

मालकांच्या बाजूनेही ही युक्ती नेहमी साधली असे नाही. १९५९ च्या गाड्यांत जनरल मोटर्सने पाचही नावे एकाच मूळ सांगाड्यावर आणली. ब्यूकचे पुढचे दरवाजे सर्वांनाच बसले. पण वरचे रूप इतके निराळे की कुणाच्या लक्षात आले नाही. हा अर्लच्या शाळेचा विजय. पुढे मात्र कातडीही समाईक होऊ लागली. १९७७ साली ओल्ड्समोबीलच्या गिऱ्हाइकांना आपल्या गाडीत शेवरोलेचे इंजिन असल्याचे कळले आणि ते कोर्टात गेले. इंजिन वाईट नव्हते; पण त्यांनी पैसे दिले होते ते पाटीचे. १९८३ साली ‘फॉर्च्यून’ मासिकाने मुखपृष्ठावर चार नावांच्या चार गाड्या शेजारी शेजारी उभ्या केल्या. कोणती कुठली ते ओळखणे कठीण. शेवरोलेच्या एका लहान गाडीला चामड्याच्या गाद्या घालून कॅडिलॅकचे नाव दिले, तेही लोकांनी स्वीकारले नाही. जे दिसत नाही ते समाईक करा, या अर्ध्या वाक्यावर हिशेबनिसांनी काम केले आणि उरलेले अर्धे विसरले. १९८४ साली फिशर बॉडी हा विभागच मोडला. २००४ मध्ये ओल्ड्समोबील संपली, २००९ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि त्या धुमाळीत पाँटियाकही गेली. शिडीच्या मधल्या पायऱ्याच गळाल्या.

साच्याची गोष्ट मात्र संपली नव्हती. १९९८ च्या मे महिन्यात, एका लांब सुट्टीच्या दिवसांत, फ्लिंटच्याच मेटल सेंटर कारखान्यातून काही साचे गुपचूप ओहायो राज्यात नेण्यात आले. शेवरोले आणि जीएमसी या दोन नावांनी विकायच्या नव्या मालवाहू गाड्यांच्या पत्र्यांचे ते साचे. ५ जूनला कामगार बाहेर पडले, काही दिवसांत शेजारचा सुटे भाग करणारा कारखानाही. दोन कारखाने, नऊ हजारांवर माणसे. आणि उत्तर अमेरिकेतले कंपनीचे जवळजवळ सगळे जुळणी कारखाने बंद पडले. चोपन्न दिवस. शेवटी ते साचे फ्लिंटला परत आले. एकसष्ट वर्षांनी तेच गाव, तेच भांडण.

कंपन्या यातून शिकल्या. आता समाईक सांगाड्याला ‘प्लॅटफॉर्म’ म्हणतात आणि आपल्याकडचे तरुण कामगार तो शब्द सहज वापरतात. चाकणला एकाच कारखान्यात स्कोडाची रॅपिड आणि फोक्सवॅगनची व्हेंटो निघत असे. सांगाडा एक, जाळी आणि दिवे वेगळे. पण नवीन गोष्ट ही नव्हे. नवीन गोष्ट अशी की एकच गाडी दोन-तीन देशांत एकाच वेळी ठोकता येईल अशी तजवीज आधीपासून केलेली असते. पोपट एका पिंजऱ्यात ठेवीत नाहीत.

आपल्या तळेगावचेच पाहा. जनरल मोटर्स मुंबई इलाख्यात प्रथम आली ती १९२८ साली, शिवडीला. खोक्यांतून आलेले भाग जोडून शेवरोले गाड्या तेथे उभ्या केल्या जात. १९५४ साली तो कारखाना बंद झाला. पुढे २००८ मध्ये कंपनीने तळेगावला नवा कारखाना उघडला. तिथे ‘बीट’ नावाची लहान गाडी होत असे. तिची आखणी दक्षिण कोरियातली. कोरियात ती डेवू मॅटीझ, ऑस्ट्रेलियात होल्डन, इतरत्र शेवरोले स्पार्क, आपल्याकडे शेवरोले बीट. पाच नावांच्या जुन्या खेळातली ही सर्वांत लांब पोचलेली चाल. २०१७ मध्ये कंपनीने भारतात गाड्या विकणे थांबवले. तळेगावचा कारखाना केवळ निर्यातीसाठी चालू राहिला आणि डिसेंबर २०२० मध्ये तोही थांबला. हजारावर कामगार रस्त्यावर आले, भांडले, कोर्टकचेऱ्या केल्या. २०२३ साली कारखाना ह्युंदाईने घेण्याचा करार झाला. तळेगावच्या कामगारांत फ्लिंटच्या कामगारांपेक्षा जिद्द कमी होती असे म्हणणारा मनुष्य एकदाही त्यांच्या तंबूत जाऊन बसलेला नसतो. त्यांनी पत्रा अडवला असता तरी जगातली दुसरी कोणतीही जुळणी त्यासाठी थांबली नसती.

मोटारीच्या बाहेर आज हाच प्रश्न कापडात आहे, औषधांत आहे, संगणकाच्या कामात तर फारच आहे. तिथे साचा टनांचा नसतो, एका बोटाच्या हालचालीने तो समुद्रापलीकडे जातो. त्या धंद्यातली दोन-तीन मुले मागच्या रांगेत बसलेली मला दिसताहेत. त्यांचा साचा कुठे ठेवलेला असतो आणि त्याला हात कोण लावू शकतो, हे मला त्यांच्याकडून समजून घ्यायचे आहे. अध्यक्षांनी प्रश्नोत्तरांसाठी अर्धा तास राखून ठेवला आहे, तेव्हा मी इथे थांबतो. त्यांनी पुढे यावे.